ठोकली तरी जीव तुटणार नाही, अशी गाडी मुलाला घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाला गेल्या महिन्यात १८ पूर्ण झाली, कॉलेज घरापासून २२ किलोमीटरवर आहे, ओळखीतल्या माणसाची २०१२ ची हॅचबॅक दोन लाखांत मिळते आहे, आणि मित्र म्हणतात की शिकाऊ हाताला अशीच गाडी बरी, ठोकली तरी जीव तुटत नाही. घ्यावी का? आणि पेट्रोल की डिझेल?

घेऊ नका. पेट्रोल-डिझेलचं पुढे सांगते. आधी त्या ‘जीव तुटत नाही’बद्दल बोलायचं आहे. हेच शब्द २०२२ मध्ये माझ्या धाकट्या दिरांनी आमच्या ओसरीवर चहा घेता घेता उच्चारले होते, आणि मी मान डोलावली होती.

आम्ही वाईचे. मुलगी तेव्हा नुकतीच १८ ची झाली होती आणि साताऱ्याला कॉलेजला एसटीने जायची. घरात एक गाडी होती, २०१९ ची, दोन एअरबॅगवाली, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली. ती हे दुकानात घेऊन जायचे. दुकान बाजारपेठेत, घरापासून दीड किलोमीटर. सकाळी गाडी दुकानासमोर उभी राहायची ती रात्री परत यायची. मुलीला गाडी द्यायचं ठरलं तेव्हा हीच तिला द्यावी असं घरात कुणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही. चांगली गाडी शिकाऊ पोरीच्या हातात कशी द्यायची?

भाऊजींनी नवी गाडी घेतली होती आणि त्यांची २०१३ ची जुनी अंगणात पडून होती. म्हणाले, “वहिनी, घेऊन जा. पैसे सवडीने द्या. चार ठिकाणी घासली, पत्रा वाजला की हात बसतो. मग द्या हवी तर नवी.” कंपनीचं सगळ्यांत खालचं मॉडेल होतं ते. एसी होता, पॉवर स्टेअरिंग होतं. एअरबॅग एकही नाही, एबीएस नाही. तेव्हा त्याची सक्तीच नव्हती. सगळ्या नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झालं, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या मॉडेलांना यायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. तुमची ती २०१२ ची हॅचबॅक अगदी वरचं मॉडेल नसेल, तर तिच्यात यातलं काहीही सापडणार नाही.

मुलगी मन लावून शिकली. मेमध्ये पक्कं लायसन्स आलं, पहिल्याच टेस्टला. जुलैतल्या एका रविवारी आम्ही दोघी पाचगणीला माझ्या मावशीकडे गेलो होतो. परतताना पसरणी घाटात पाऊस लागला. जोराचा नव्हता, पण रस्ता चकचकीत ओला होता आणि मधूनमधून धुकं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होती, वेग ३५ च्या आसपास. चढताना जो गिअर तोच उतरताना, हे मीच तिला शिकवलेलं आणि ती ते पाळत होती. एका उजव्या वळणावर समोरून एसटी वर येत होती आणि तिला ओलांडायला एक टेम्पो थेट आमच्या बाजूला आला. मुलीने पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला.

चाकं जाम झाली. टेम्पोवाला तेवढ्यात एसटीच्या मागे सरला, रस्ता मोकळा झाला. वळण उजवीकडे होतं, तिने स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं. मी शेजारी बसून बघत होते. तिचे हात वळले, स्टेअरिंग वळलं आणि गाडी सरळ गेली. मोकळा रस्ता उजव्या हाताला राहिला आणि आम्ही डाव्या कठड्यावर जाऊन आदळलो. कठडा दगडी होता आणि टिकला.

पट्टे दोघींनी लावलेले होते. माझ्या छातीवर पट्ट्याचा काळानिळा वळ महिनाभर होता, एवढंच. ती स्टेअरिंगच्या जवळ बसायची. जुना पट्टा ढिला, धक्क्याच्या क्षणी शरीर मागे खेचून धरणारी व्यवस्था त्यात नाही, समोर एअरबॅग नाही. नाकाचं हाड मोडलं, पुढचा एक दात गेला, वरच्या ओठाला पाच टाके.

गाडी ओढून आणली त्या मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी मला बोलावून टायर दाखवले. नक्षी भरपूर होती, भाऊजी म्हणालेच होते की टायर नव्यासारखे आहेत. त्याने टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले: २३१५. म्हणजे २०१५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी उभीच असायची म्हणून नक्षी झिजली नव्हती, पण सात वर्षांत उन्हाने रबर लाकडासारखं कडक झालं होतं. ओल्या डांबरावर ते पकड कशी घेणार? अशा रबरावर जाम झालेली चाकं, आणि आम्ही म्हणत होतो हात बसेल.

आता मूळ दुखण्याकडे येते. भाऊजी दवाखान्यात आले. पोरीच्या तोंडाला पट्ट्या, आणि ते मला म्हणाले, “घाबरून ब्रेकवर उभी राहिली ना. घाटात असा ब्रेक मारतात का?” त्या दिवशी मी गप्प बसले. पण दिवाळीला तेच, पुतणीच्या साखरपुड्याला तेच, दारात कुणी गाडीचा विषय काढला की तेच: “हिच्या हातात स्टेअरिंग देऊ नका.” त्यांच्या स्वतःच्या मुलाने त्याच वर्षी घराच्या गेटचा खांब दोनदा पाडला. तेव्हा ‘पोरगा शिकतोय’ म्हणून सगळे हसले. माझ्या मुलीबद्दल मात्र घरभर ठरून गेलं की हिला जमत नाही. तिलाही ते पटलं. अकरा महिने तिने गाडीच्या चावीला हात लावला नाही.

म्हणून इथे लिहून ठेवते. अचानक संकट आलं की नवा ड्रायव्हर ब्रेक पूर्ण दाबतो. मुलगा असो, मुलगी असो, सगळे तेच करतात. एबीएस नसलेल्या गाडीत ओल्या रस्त्यावर असं केलं की चाक फिरायचं थांबतं आणि घसरायला लागतं. घसरणाऱ्या चाकाला दिशा राहत नाही, स्टेअरिंग कितीही फिरवा. अशा गाडीत ब्रेक दाबत-सोडत, पायाने अंदाज घेत थांबावं लागतं, आणि ते पायात यायला वर्षं जातात. एबीएस नेमकं तेवढंच काम करतं: चाक जाम होऊ लागलं की त्या चाकाचा ब्रेक सेकंदाला कितीतरी वेळा ढिला करतं आणि पुन्हा धरतं, म्हणजे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. आमच्या घरच्या २०१९ च्या गाडीत तिने तेच केलं असतं, तितकाच घाबरून ब्रेक मारला असता, तर गाडी उजवीकडे वळली असती. भाऊजींची गाडी चालवायला सगळ्यांत जास्त कसब लागत होतं आणि आम्ही ती घरातल्या सगळ्यांत कमी अनुभवाच्या माणसाला दिली. ती गाडी त्यांनी स्वतःकडे ठेवायला हवी होती. तीस वर्षांचा हात आहे ना त्यांचा.

पुढच्या जूनमध्ये मी यांना सांगितलं की घरची गाडी आजपासून तिची, तुम्ही दुकानात स्कूटरवर जा. हे एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. त्या पावसाळ्यात दर रविवारी सकाळी मी तिला एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर नेलं. ३० चा वेग धर, आता ब्रेक पूर्ण दाब, दाबूनच ठेव, आणि त्या दगडाला वळसा घाल. पहिल्यांदा पायाखाली पेडल थरथरायला लागलं तेव्हा तिने दचकून पाय काढला. बरेच जण असंच करतात, त्यांना वाटतं काहीतरी मोडलं. ती थरथर म्हणजे एबीएस काम करतंय, पाय काढायचा नाही. दहाव्या वेळेला तिने दगडाला वळसा घातला, गाडी थांबवली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून रडली. मला म्हणाली, “आई, म्हणजे तेव्हा मी वळवलं होतं.” हो बाळा, तू वळवलं होतंस.

आता तुमचं.

गाडी जुनी घ्यायची तर २०१९ च्या मध्यानंतर बनलेलीच बघा, शक्यतो २०२० ची. एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतल्या आहेत, ते सोयीचं. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या चाचणीत नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळाले, अल्ट्रोझ आणि एक्सयूव्ही ३०० ला जानेवारी २०२० मध्ये पाच, टियागोला त्याच महिन्यात चार. पहिल्या गाडीसाठी माझं मत टियागो: लहान, मजबूत, वाजवी. तुमचे दोन लाख तिला पुरणार नाहीत, जवळजवळ दुप्पट लागतील. एअरबॅगने काय फरक पडतो म्हणणाऱ्यांना २०१४ ची पोलो सांगा. बिनएअरबॅगच्या पोलोला त्या चाचणीत शून्य तारे मिळाले होते. दोन एअरबॅग दिलेल्या त्याच पोलोला चार.

पेट्रोलच घ्या. २२ किलोमीटरच्या ये-जा साठी डिझेल कशाला? बीएस-६ डिझेलमधलं काजळी पकडणारं फिल्टर छोट्या-छोट्या फेऱ्यांत तुंबतं आणि त्याचा खर्च मोठा. आणि गिअरची गाडी घ्या, घाट कळतो.

कागदांचं म्हणाल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, तुमच्या नावावर होणं, यावर अडून राहा. ओळखीतला माणूस आहे म्हणून आरसी त्याच्याच नावावर ठेवू नका. आमच्याकडे अपघाताच्या दिवशी गाडी भाऊजींच्याच नावावर होती, विमा नुसता थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याचं नुकसान भरणारा. दुरुस्तीचा एक पैसा मिळाला नाही, आणि टेम्पोला धक्का लागला असता तर ते प्रकरण कुठवर गेलं असतं याचा विचारही नको. नाव बदललं की १४ दिवसांत विमाही तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की धाकटा १६ चा आहे आणि तोही कॉलनीत फिरवेल. त्याला चावी दिसूही देऊ नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन जण गेले. त्या मुलालाही तुमच्या-माझ्यासारखेच आईवडील होते.

काही गोष्टी राहिल्या त्या सांगते. एबीएस म्हणजे गाडी जागच्या जागी थांबते असं नाही, वाळूवर आणि खडीवर तर थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. टायर कडक असतील तर एबीएसही फार काही करू शकत नाही, म्हणून टोकन देण्याआधी पाचही टायरचे ते चार आकडे वाचा, स्टेपनीसुद्धा. एअरबॅगचा उपयोग पट्टा लावला तरच, मागे बसणाऱ्यांनीही लावायचा. आणि तारे ज्या वर्षीच्या चाचणीचे त्या वर्षीच्या नियमांचे असतात. २०२२ पासून नियम कडक झाले, त्यामुळे जुने पाच आणि नवे पाच एक धरू नका. गाडी आधी ठोकून सरळ केलेली असेल तर ताऱ्यांना अर्थच नाही, आपल्या मेकॅनिककडून खालून बघून घ्या.

एक तुम्ही लिहिलेलं नाही: तुम्ही स्वतः कोणती गाडी चालवता? ती २०१९ नंतरची असेल तर मुलाला द्या आणि ही दोन लाखांची तुमच्यासाठी घ्या. टायर मात्र पहिल्याच दिवशी बदला.