कृषी सल्ला: फवारणी ड्रोन हवेत असताना बॅटरीचा इशारा आला तर

प्रश्न: १० लिटरची टाकी भरून ड्रोन वर नेला की थोड्याच वेळात रिमोटवर बॅटरी कमी असल्याचा इशारा वाजतो. खाली उतरवून पाहिलं तर बॅटरी जवळपास अर्धी भरलेली दिसते. इशारा चुकीचा समजून काम चालू ठेवलं तर चालेल का?

उत्तर: नाही, चालणार नाही. हवेतला इशारा खरा आहे आणि जमिनीवर दिसलेला आकडाही खरा आहे. फक्त एक ओझं वाहताना मोजलेला आहे आणि दुसरा विश्रांतीत.

फवारणीच्या अनेक ड्रोनमध्ये १२ किंवा १४ सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी असते. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, म्हणजे १२ सेलची बॅटरी ५०.४ व्होल्ट. भरली टाकी उचलताना मोटारी खूप करंट ओढतात. समजा तो १०० अँपिअर आहे. चांगल्या सेलचा अंतर्गत रोध (सेलच्या आतच करंटला होणारा अडथळा) दीड मिलीओहम धरला, तर एवढ्या करंटला सेलमागे ०.१५ व्होल्टची घट येते. वापरून जुन्या झालेल्या बॅटरीत हाच रोध ४ मिलीओहमपर्यंत गेला, तर घट ०.४ व्होल्ट होते. दोन्हींचे सेल विश्रांतीत ३.८ व्होल्टवर असले, तरी हवेत नवी ३.६५ दाखवेल आणि जुनी ३.४. इशारा ३.५ ला लावलेला असेल तर जुन्या बॅटरीचा बझर वाजणारच. भरल्या टाकीला लवकर येणारा इशारा म्हणजे बॅटरी थकल्याची पहिली खूण.

ड्रोन उतरवला की ओझं जातं आणि दोन-चार मिनिटांत व्होल्टेज पुन्हा वर चढतं. त्यात नवीन चार्ज आलेला नसतो. तो चढलेला आकडा पाहून ‘एवढा एक पट्टा मारून घेऊ’ म्हणत पुन्हा उडवणं हे ड्रोन पडण्याचं मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटणारं कारण आहे. त्या पट्ट्यात व्होल्टेज आधीपेक्षा लवकर कोसळतं, मोटारींना जोर पुरत नाही आणि यंत्र औषधासकट खाली येतं.

पहिला इशारा आला की फवारणी थांबवा आणि ड्रोन हळूहळू जवळच्या मोकळ्या जागेकडे आणा. एकदम वेग देऊ नका, उंचीही वाढवू नका, दोन्हींत करंट वाढतो. परत बोलावण्याचं बटण दाबण्याआधी एक लक्षात घ्या: बऱ्याच ड्रोनमध्ये यंत्र आधी ठरवलेल्या उंचीवर चढतं आणि मग परत येतं. टाकीत औषध असेल आणि वारा समोरून असेल, तर त्या चढण्यातच उरलेली शक्ती जाऊ शकते. वाटेत झाडं किंवा तारा नसतील आणि ड्रोन नजरेसमोर जवळच असेल, तर हातानेच खालून आणलेला बरा. दुसरा, गंभीर इशारा आला तर परत आणायचा विचार सोडा. आहे तिथेच, पिकात का होईना, सावकाश उतरवा. चार रोपं मोडतील, पण यंत्र वाचेल आणि खाली कोणी माणूस असेल तर तोही. ओझं कमी करायचं म्हणून एका जागी औषध ओतू मात्र नका, तेवढं पीक करपतं.

सेटिंगमधली इशाऱ्याची मर्यादा खाली ओढून बझर गप्प करणारेही आहेत. कृपया तसं करू नका. बॅटरी थकली असेल तर १० ऐवजी ६-७ लिटरच भरा, म्हणजे बॅटरीआधी टाकी संपेल. पट्ट्यांची आखणी अशी ठेवा की शेवटचा पट्टा उड्डाणाच्या जागेजवळ संपेल. बॅटरीत २५-३० टक्के शिल्लक असतानाच उतरायची सवय लावून घ्या.

एकूण व्होल्टेजवर विसंबून राहू नका, प्रत्येक सेल वेगळा पाहा. ११ सेल ३.७ वर आणि एक ३.२ वर असेल तर बेरीज ४३.९ येते, सरासरी ३.६६. कागदावर सगळं ठीक, पण तो एक सेल मरायला टेकलेला आहे. विश्रांतीत सेलांमध्ये ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर बॅलन्स चार्जिंग (सगळे सेल सारख्या व्होल्टेजला आणणारं चार्जिंग) करा. तरीही फरक परत आला तर ती बॅटरी फवारणीतून काढा.

कनेक्टरही उघडून बघा. औषधाचे थेंब आणि जोडताना उडणारी ठिणगी यांनी पिना काळ्या पडतात, जोड सैल होतो, तापतो आणि व्होल्टेज तिथेच गळतं. बॅटरी चांगली असूनही मग इशारा येतो. काम संपल्यावर कोरड्या कापडाने पुसा, पाण्याचा फवारा मारू नका. प्लॅस्टिक वितळल्यासारखं दिसलं तर कनेक्टर बदला.

प्रश्न: हंगामात बॅटरी उतरवली की लगेच चार्जिंगला लावावी लागते. हंगाम संपल्यावर पूर्ण भरून ठेवतो. तरी ती फुगते, असं का?

उत्तर: दोन्ही सवयी फुगण्याला हातभार लावतात. उड्डाणानंतर बॅटरी गरम असते. सावलीत ठेवून ती हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, मगच चार्जर जोडा. थांबायला वेळ नसेल तर एक जोड बॅटऱ्या जास्त ठेवा, घाईने चार्ज करण्यापेक्षा ते परवडतं. कडाक्याच्या थंडीत उलट: शून्य अंशाखाली चार्ज केल्यास सेलच्या आत लिथियमचा थर साचतो आणि तो पुन्हा निघत नाही.

काही दिवस काम नसेल तर सेलमागे ३.८ ते ३.८५ व्होल्टवर ठेवा, महिन्यातून एकदा तपासा. पूर्ण भरलेली बॅटरी पडून राहिली की आतल्या आत खराब होते, आणि पूर्ण रिकामी ठेवली तर ३ व्होल्टखाली जाऊन कायमची जाते.

चार्जिंग करताना जवळ थांबा. कडबा, डिझेल, कीटकनाशकं आणि झोपायची खोली यांपासून दूर, सिमेंटच्या जमिनीवर करा. धूर दिसला तर तो श्वासात जाऊ देऊ नका, माणसं लांब न्या आणि अग्निशमन दलाला कळवा. विजेची जोडणी तोडता येत असेल तरच लांबून भरपूर पाणी मारा, कारण अशी आग विझल्यासारखी दिसूनही पुन्हा पेटते.

फुगलेली बॅटरी दाबून, टोचून किंवा पट्टीने आवळून वापरू नका. ती वाळूच्या बादलीत, घराबाहेर ठेवा आणि विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर जमा करा.