न्यू जर्सीचा महिन्याचा आकडा बघून घर मोडू नका

या महिन्यात न्यू जर्सीत नोकऱ्या वाढल्या, बेकारी उतरली, मग आता बायको-मुलीला घेऊन यायला हरकत नाही ना, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, विमा हे सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते सोडतो. आकड्याबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण तेवढ्या बातमीवर लोक पुण्यातलं बस्तान गुंडाळतात.

हे दोन आकडे दोन वेगळ्या पाहण्यांतून येतात. १२ तारीख ज्या पगाराच्या कालावधीत पडते, त्यात किती जण पगारपत्रकावर होते हे कंपन्यांना विचारून नोकऱ्या मोजतात. बेकारीची पाहणी घरोघरची. देशभरात साधारण ६०,००० घरं. त्यातली न्यू जर्सीची थोडीच, म्हणून राज्याचा दर मॉडेल लावून काढावा लागतो. शिवाय नोकरी मोजतात कामाच्या जागी आणि बेकार माणूस राहत्या जागी. न्यू जर्सीतल्या एडिसनहून न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनला कामाला जाणाऱ्याची नोकरी न्यूयॉर्कच्या खात्यात. ती गेली की बेकार मात्र न्यू जर्सीत वाढतो. दोन्ही राज्यांचे आकडे शेजारी ठेवूनच वाचा.

दोन-चार हजारांच्या चढउताराला भुलू नका. पहिला आकडा कच्चा असतो; पुढच्या महिन्यात बदलतो, आणि वर्षातून एकदा बेकारी विम्याच्या नोंदींशी ताडून पुन्हा बदलतो. ऋतुमानाचा परिणाम वगळलेलाच आकडा घ्या, नाहीतर उन्हाळ्यात किनाऱ्यावरची हंगामी भरती आणि शाळांच्या सुट्ट्या फसवतील. सहा महिन्यांची सरासरी काढा आणि तुमच्या क्षेत्राची ओळ पाहा. हॉस्पिटलांत भरती झाली म्हणून डेटाबेसवाल्याला काम मिळत नाही.

त्याहून कामाची आहे राज्याच्या कामगार खात्याची ‘वॉर्न’ नोटिसांची यादी. १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला मोठी कपात करायची तर इथे ९० दिवस आधी कळवावं लागतं. तुमची कंपनी आणि ती तुम्हाला ज्यांच्याकडे कामाला पाठवते ते क्लायंट, दोघांची नावं शोधा. क्लायंटच्या पटावर तुम्ही नसता, त्यामुळे त्याची नोटीस तुमच्या हाती येणार नाही. एच-१बीवर, म्हणजे कंपनीने काढलेल्या कामाच्या व्हिसावर, नोकरी गेली की देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात.

सरकारी शाळा पत्त्यावर मिळते, आणि पत्ता म्हणजे बहुधा वर्षभराचा भाडेकरार. तो मध्येच मोडला तर किती भरावं लागेल, हे सहीआधी विचारा. वर्षाच्या मध्यात मुलीची शाळा बदलावी लागणं फार लागतं हो. मोठ्यांना वाटतं मुलं रुळतात. पण ती गप्प होतात, ते आपल्याला उशिरा कळतं.

एकटेपणाची काळजी करू नका, मराठी माणसं इथे भरपूर आहेत.

मला टोचते ती बेकारीची व्याख्या. साधारणपणे गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं असेल तरच माणूस बेकार. एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलेली इंजिनिअर बायको, कामाचा परवाना नाही म्हणून शोधतही नाही. ती श्रमशक्तीच्याच बाहेर धरली जाते. दर कितीही उतरो, ती घरातच. तिचा परवाना सहसा तुमचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरायचा अर्ज, मंजूर झाल्यावरच मिळतो. कंपनी तो कधी भरणार, हे ऑफर स्वीकारण्याआधी लेखी घ्या, आणि तो कागद तिला वाचायला द्या.