आनंद–अरोनियन डाव: घरची तयारी आणि मेरान

प्रश्न : नेदरलँड्समधील विक आन झी येथील टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धेत २०१३ मध्ये विश्वनाथन आनंद यांनी काळ्या मोहऱ्यांनी लेव्हॉन अरोनियन यांना अवघ्या २३ चालींत हरवले. त्यातील मुख्य कल्पना घरून तयार करून आणलेली होती असे वाचले. मग या डावाचे एवढे कौतुक का?

उत्तर : तयारी होती हे खरे. २०१२ मध्ये मॉस्कोत बोरिस गेल्फंड यांच्याशी झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी आनंद यांनी ही कल्पना तपासून ठेवली होती. तथापि ती सुचली, ती सेमी-स्लाव्ह बचावाच्या (काळ्याने डावाच्या सुरुवातीला खेळायच्या एका पद्धतीच्या) मेरान प्रकाराच्या स्वभावातून. या प्रकारात काळा सी४ वरील प्यादे घेतो (सी४, बी५ ही पटावरील घरांची नावे; नुसते घराचे नाव म्हणजे तेथे प्यादे सरकवणे), बी५ खेळून पांढऱ्या उंटाला मागे हटवतो, स्वतःचा उंट बी७ वर ठेवतो आणि योग्य क्षणी सी५ खेळून त्या उंटाचा कर्ण मोकळा करतो.

अरोनियन यांचा घोडा १२व्या चालीत जी५ वर येऊन एच७ वर रोखून उभा राहिला, तेव्हा आनंद यांनी बचाव न करता सी५ हीच चाल खेळली. घोड्याने एच७ वरील प्यादे मारले; त्याला हातही न लावता काळा घोडा जी४ वर गेला. पुढे सी५ वर आलेला काळा उंट आणि ई५ वर आलेला दुसरा काळा घोडा हे दोघेही पांढऱ्या प्याद्यांच्या तोंडी दिलेले होते. ई५ वरील घोडा प्याद्याने घेतला असता, तर डी४ वर वजिराचा शह बसला असता आणि राजा कोपऱ्यात जाताच जी१ वर वजिराचे बलिदान व एफ२ वर घोड्याची मात होती! असा शेवट पटावर आला नाही, याची थोडी हळहळ वाटतेच.

अनेकांना या डावावरून अकिबा रुबिनस्टाइन यांनी काळ्या मोहऱ्यांनी जिंकलेला रोटलेवी–रुबिनस्टाइन (लोड्झ, १९०७) हा गाजलेला डाव आठवला, कारण तेथेही काळ्याचे दोन उंट आणि जी४ वरील घोडा मिळून राजावर तुटून पडले होते. त्या डावाची सुरुवात वेगळी होती. पण ज्या मेरानो स्पर्धेवरून (१९२४) मेरान हे नाव पडले, तेथे तो प्रकार ग्रुनफेल्डविरुद्ध खेळणारा खेळाडू रुबिनस्टाइनच होता.

माझ्या मते १९वी चाल सर्वांत पाहण्याजोगी आहे. पांढऱ्या घोड्याने एफ८ वरील हत्ती मारला, तरी आनंद यांनी तो घोडा लगेच घेतला नाही. त्यांनी एफ५ खेळून पांढऱ्या वजिराचा एच७ कडे जाणारा कर्ण बंद केला आणि त्याच चालीने जी४ वरील आपल्या घोड्याला आधारही दिला. त्यानंतर चारच चालींत अरोनियन यांनी डाव सोडला.