पुण्याहून एका दिवसात, खाली पाणी दिसत राहील अशा डोंगरधारेवर चालायचंय. ऑक्टोबरात कुठे जावं?

लोहगडाच्या विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या पश्चिमेला पुढे गेलेल्या लांब, अरुंद सोंडेवर जा.

लोहगड म्हटल्यावर गर्दी आठवली असेल. पावसाळ्यातल्या रविवारी असतेच ती. पण तेव्हा धुकं इतकं असतं की खालचं पवना धरणाचं पाणी दिसतच नाही. मे महिन्यात गेलात तर पाणी आटून काठाला मातीचे पट्टे उघडे पडलेले असतात. पाऊस नुकताच सरलेला असतो तेव्हा धरण भरलेलं, हवा धुतलेली आणि गवत पिवळं पडायला लागलेलं. मला विचाराल तर वर्षातले हेच तीन-चार आठवडे खरे.

गाडीने पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत जाता येतं, पण तुम्हाला चालायचंच आहे, तर लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. भाजे गावातून गायमुख खिंडीपर्यंत चढ आहे; डावीकडे विसापूर किल्ला, उजवीकडे लोहगड. भाज्याची लेणी वाटेतच आहेत, पण ती उतरताना बघा. सकाळचा गारवा चढायला ठेवा, ऑक्टोबरचं ऊन दहानंतर फार भाजतं.

पायऱ्यांवर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात. वाट अशी वळवली आहे की वर येणारा प्रत्येक जण तटावरच्या माऱ्यात सापडावा. इथे घाई करू नका. २०२५ मध्ये हा गड युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, तो का, हे या वळणांवर थांबल्याशिवाय कळत नाही. माथ्यावर नाना फडणवीसांच्या काळातलं सोळाकोनी तळं आहे, तेही बघा.

पुढे मात्र बहुतेक लोक चुकतात. माथ्याच्या पश्चिम टोकावरून विंचूकाट्याचा फोटो काढतात आणि मागे फिरतात. तुम्ही खाली उतरा. सुरुवातीला खडकातली छोटी उतरण आहे, हात टेकावे लागतात. ओल्यात घसरडी, कोरड्यात सोपी. मग सरळ सोंड. डाव्या हाताला सगळं पवनेचं पाणी, त्याच्या काठावर तिकोना आणि तुंग हे गड, दोन्ही बाजूंना खोल दरी. टोकाच्या बुरुजापर्यंत जा आणि तिथे डबा उघडा. मी तिथे निम्मा तास एक शब्दही न बोलता बसलो आहे.

गुडघाभर गवतात कड्याची कड दिसत नाही, म्हणून मळलेली पायवाट सोडू नका. कड्याला आग्या मोहोळं असू शकतात. धूर करायचा नाही, अत्तर लावायचं नाही. सोंडेवर सावली नाही, त्यामुळे माणशी तीन लिटर पाणी घ्या. मळवलीला सगळ्या गाड्या थांबत नाहीत; परतीच्या लोकलची वेळ सकाळीच बघून ठेवा आणि उन्हं कलायच्या आत गड उतरायला लागा, म्हणजे लेण्यांनाही वेळ मिळेल.