थीम पार्कचा महागडा एक्सप्रेस पास घ्यावा का? साताऱ्याहून जाणाऱ्या चौघांचा हिशोब

तुमचा प्रश्न असा आहे: साताऱ्याहून चौघं, म्हणजे तुम्ही दोघं, 14 वर्षांचा मुलगा आणि 8 वर्षांची मुलगी, दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिकाला जाणार. रांगेत न थांबता आत सोडणारा पास घ्यावा की ते पैसे पाण्यात? आणि पुढच्या मे महिन्यात सिंगापूरची टूर आहे, तिथल्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये काय करायचं?

आधी उत्तर देतो. भाऊबीज झाल्यावर जाताय आणि त्याच दिवशी परत साताऱ्याला यायचंय, तर पास घ्या, पण चौघांचा घेऊ नका. सुट्टी संपल्यावर मधल्या वारी जायला जमत असेल तर एकाचाही घेऊ नका.

आता कारण. पास घेतला की रांग संपली असं वाटतं, तसं नसतं. आनेवाडीचा टोलनाका डोळ्यांसमोर आणा. फास्टॅग थोड्या गाड्यांना होता तेव्हा त्याची लेन मोकळी असायची. फेब्रुवारी 2021 पासून तो सगळ्यांना सक्तीचा झाला आणि सलग सुट्ट्या आल्या की त्याच लेनमध्ये गाडीला गाडी लागते. एक्सप्रेस पासाचं तेच आहे. तिरुपतीला 300 रुपयांचं विशेष दर्शनाचं तिकीट काढणाऱ्यालाही बारीत उभं राहावंच लागतं, फक्त त्याची बारी छोटी असते. इथेही पैसे मोजून छोटी रांग मिळते, आणि ती किती छोटी हे त्या दिवशी किती जणांनी पास घेतलाय त्यावर ठरतं.

राइडजवळ नेमकं काय होतं ते बघा. साधी रांग नागमोडी कठड्यांतून येते, एक्सप्रेसची सरळ येते आणि चढायच्या जागेच्या थोडं आधी दोन्ही एकत्र होतात. तिथे एक कर्मचारी उभा असतो. एक्सप्रेसचे किती आणि साधे किती सोडायचे हे तोच ठरवतो. समजा गाडीत 24 जागा आहेत आणि दर 3 मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला 480 माणसं. तुमच्यापुढे 240 असतील तर अर्ध्या तासात नंबर लागायला हवा. पण निम्म्या जागा एक्सप्रेसवाल्यांना गेल्या की त्याच 240 जणांना पूर्ण तास लागतो. साध्या रांगेतली माणसं तेवढीच असतात, पण रांग पुढे सरकत नाही. लोक कुरकुरतात ते यावरूनच, आणि माझ्या मते रास्तच कुरकुरतात.

हा हिशोब तुम्हाला तिथे उभ्या उभ्या करता येतो. कठड्याच्या एका सरळ पट्ट्यात किती डोकी आहेत ते मोजा, पुढे किती पट्टे भरलेत ते बघा, गुणाकार करा. मग मोबाईलच्या घड्याळावर दोन गाड्यांमधलं अंतर धरा. राइडच्या तोंडाशी लिहिलेल्या मिनिटांपेक्षा हा आकडा जास्त खरा निघतो. एकच गोष्ट विसरू नका: रुळावर एक गाडी फिरतेय की दोन? गर्दी नसलेल्या दिवशी बहुधा एकच ठेवतात, आणि मग दुपारी अचानक लोक वाढले की तीच रांग दुप्पट वेळ घेते. गाड्यांमधलं अंतर वाढायचं दुसरं कारण म्हणजे चपला, टोप्या, चष्मे, खिशातले मोबाईल. इमॅजिकातल्या नायट्रोसारख्या, पायाखाली फळी नसलेल्या कोस्टरला (रुळांवरून गरगरा फिरवणाऱ्या राइडला) हे सगळं काढून ठेवावं लागतं, वर प्रत्येकाच्या खांद्यावरचा पट्टा हाताने ओढून तपासतात. तुमच्या घरच्यांनी नाडीचे बूट घातले आणि मोबाईलला चेन असलेला खिसा ठेवला तर मागच्यांचे आशीर्वाद मिळतील.

आता पैसे. तिकिटाचे दर दिवसागणिक बदलतात, म्हणून कल्पित आकडा घेऊ: पासामुळे माणशी 1,000 रुपये जास्त, चौघांचे 4,000. गर्दीच्या दिवशी पाच मोठ्या राइडना साध्या रांगेत 50 मिनिटं धरली तर 250 मिनिटं होतात, पासवर 15 धरली तर 75. वाचली 175 मिनिटं, म्हणजे तीन तासांना थोडी कमी. तासाला साधारण 1,370 रुपये पडले. हे महाग आहे, पण वेडेपणाचं नाही. सुट्टी नसलेल्या बुधवारी मात्र साध्या रांगेत 15 आणि पासवर 5 मिनिटं असा फरक धरू. पाच राइडचे वाचले 50. त्यासाठी 4,000 म्हणजे तासाला 4,800. एवढ्यात चौघांचं जेवण होऊन परत येताना घरच्यांसाठी चिक्की येईल.

तुमच्या बाबतीत खरा हिशोब रस्त्याचा आहे. साताऱ्याहून इमॅजिका दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. खंबाटकीचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोल, नवले पूल, चांदणी चौक, मग द्रुतगती मार्गाने खोपोली आणि तिथून पाली रस्ता. नाश्त्यासह चार-साडेचार तास धरा. सहाला निघालात तर साडेदहा वाजतात, आणि रात्री घरी पोचायचं म्हटलं की संध्याकाळी साडेसहाला पाय काढावा लागतो. जेवण सोडून हातात सात तास. त्यातले चार रांगेत गेले तर मुलगा गाडीत बोलणार नाही. सांगलीहून येणाऱ्यांना तर तीनशेच्या वर किलोमीटर आहेत, त्यांनी एका दिवसाचा विचारच करू नये. माझं मत असं की चौघांच्या पासाइतक्या पैशात खोपोलीत किंवा लोणावळ्यात एक खोली मिळत असेल तर आधी ती बघा. आदल्या रात्री तिथे झोपून दार उघडायच्या अर्धा तास आधी रांगेत उभं राहणं हाच सगळ्यात स्वस्त पास आहे. दिवाळीत खोल्याही चढ्या भावाने जातात, म्हणून दोन्ही आकडे समोरासमोर ठेवून बघा.

कारण पहिला तास वेगळाच असतो. आत शिरल्यावर बहुतेक मंडळी दारातच फोटो काढतात, जवळच्या पहिल्या राइडपाशी घोळका करतात. तुम्ही न थांबता सर्वांत मोठ्या, तासाला कमी माणसं घेणाऱ्या राइडकडे चालत जा. तासाभरात दोन होतील. जेवण दीडला नको, तेव्हा खाण्याच्या काउंटरवरही रांगच असते. साडेअकराला धपाटे-चटणी पोटात घाला (बाहेरचे डबे पार्कात सहसा आत नेऊ देत नाहीत, म्हणून ते गाडीतच राहतील, नाहीतर आतलं लवकर खाऊन घ्या) आणि बाकीचे जेवतात तेव्हा राइडवर बसा. रांग सगळ्यात फुगते ती बारा ते चार. पासाचा उपयोगही याच चार तासांत.

सगळ्या राइडना पास लागत नाही, हेही बघा. ‘आय फॉर इंडिया’सारख्या, थिएटरमध्ये बसून पाहायच्या गोष्टी एका खेळाला मोठा घोळका आत घेतात. तिथली रांग दिसते लांब, पण एकदम आत जाते. तिथे पासाने फार तर एक खेळ आधी मिळतो. पासाचे पैसे वसूल होतात ते कोस्टर आणि उंचावरून खाली सोडणाऱ्या राइडवर, कारण तिथे एका वेळी थोडीच माणसं बसतात.

म्हणूनच चौघांचा पास नको म्हणालो. आज घरी मुलीला अनवाणी भिंतीला टेकवा, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीने खूण करा आणि टेपने मोजा. आठ वर्षांच्या मुली साधारण 120 ते 130 सेंमी असतात आणि मोठ्या कोस्टरला अनेक ठिकाणी 130 ते 140 सेंमीच्या घरात उंची लागते. पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडपुढे उंची दिलेली असते. ती ज्या राइडवर बसूच शकणार नाही त्यांचा पास तिच्या नावावर काढण्यात काय अर्थ? मुलगा आणि तुम्हा दोघांपैकी ज्याला घाबरायची हौस आहे तो, असे दोन पास पुरे. तेवढ्या वेळात दुसऱ्याने मुलीला छोट्या राइडवर न्यायचं. पास मनगटावरच्या पट्ट्याने ओळखतात, तो काढून दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे ‘आधी मी जातो, मग तू जा’ हा बेत धरू नका.

तिकीट काढण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारून घ्या. पास प्रत्येक राइडला एकदाच चालतो की कितीही वेळा? त्यात कोणत्या राइड नाहीत? (नवी किंवा सगळ्यांना हवी असलेली एखादी बाहेर ठेवलेली असू शकते.) पाऊस-विजांमुळे किंवा बिघाडामुळे राइड बंद पडली तर भरपाई काय? दिवाळीत परतीच्या पावसाची सर आली तर उघड्यावरचं कोस्टर थांबतंच, आणि तेव्हा एक्सप्रेसवालाही पत्र्याखाली उभा राहतो. चौथी गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची: साधं तिकीट काढून आत गेल्यावर वरचे पैसे भरून एक्सप्रेस करून मिळतं का? मिळत असेल तर घरून काहीच घेऊ नका. पहिला तास मघा सांगितल्यासारखा घालवा, बाराला रांगेतली डोकी मोजा आणि तेव्हा ठरवा. धोका एकच, गर्दीच्या दिवशी पास संपलेले असू शकतात.

दिवस निवडताना एक फसगत होते. लोकांना वाटतं शनिवार-रविवार टाळला की झालं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली मधल्या वारीच निघतात. बाहेर लाल एसट्यांची ओळ दिसली की समजा आत पन्नास-पन्नास पोरं एका रांगेत आहेत. पण सहलींना परतीची घाई असते, त्यामुळे ती रांग दुपारनंतर ओसरते. दिवाळीत लक्ष्मीपूजन-पाडव्याला लोक घरी असतात, भाऊबीज उरकली की फराळाचे डबे घेऊन सगळे एकदम बाहेर पडतात.

आता सिंगापूर. तिथे युनिव्हर्सल एक्सप्रेस दोन प्रकारचा असतो: एक प्रत्येक राइडला एकदाच चालणारा, दुसरा अनलिमिटेड. किंमत दिवसावर ठरते, आणि गर्दीच्या दिवशी ती ऐकून पोटात गोळा येतो. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. तिथल्या शाळांची वर्षाच्या मधली सुट्टी मे अखेरीपासून जून अखेरीपर्यंत असते. आपल्या पोरांना मात्र मेच्या सुरुवातीपासून सुट्टी. 1 मे सोडून पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला मधला वार मिळाला तर एक्सप्रेसशिवाय भागतं. फक्त फेब्रुवारी 2025 मध्ये उघडलेल्या मिनियन लँड या भागाकडे सकाळी सगळ्यात आधी जा. काही राइडना एकट्याची वेगळी रांग असते, उरलेली एखादी जागा भरायला. चौघं शेजारी बसण्याचा हट्ट सोडला तर मुलगा त्या रांगेतून फुकटात लवकर बसतो.

(अमेरिकेत डिस्नेने हीच सोय 1999 मध्ये फुकट सुरू केली होती, 2021 मध्ये तिला पैसे लावले, आणि 2024 च्या अखेरीस एका दिवसाचा सगळ्यात महाग पास माणशी 129 ते 449 डॉलर असा आणला. तिकडच्या मानाने आपल्याकडचं परवडलं.)

टूर कंपनीला मात्र आत्ताच विचारा: बस पार्कपाशी किती वाजता सोडणार आणि किती वाजता उचलणार? मध्ये पाचच तास मिळत असतील तर मुलासाठी आणि त्याच्यासोबत बसणाऱ्यासाठी एक्सप्रेस घ्या. उघडताना सोडून संध्याकाळी उचलणार असतील तर ते पैसे खिशात ठेवा. ‘तिथे गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर पाचच तास धरा.