जपानी माणूस वाचताना अक्षरं मोजतो की मात्रा?

मात्रा. वृत्तं सोडवताना मोजतात जवळपास तशाच. "आपण जसे अक्षराला अक्षर जोडून वाचतो तसेच जपानीही वाचतात का?" असं तुम्ही विचारलंय. नाही. देवनागरीत लिहून जपानी शिकवणाऱ्यांना मात्र हे मान्यच नसतं.

'निप्पोन' (जपान) आपल्या कानाला दोन अक्षरांचा. जपानी वाचक चार ठोके मोजतो: नि, प्‌आधीचा थांबा, पो, न्‌. 'तोक्यो'सुद्धा (आपलं टोकियो) चार, कारण दोन्ही ओ लांब. हे नुसतं व्याकरण नव्हे. शब्द पडद्यावर येण्याआधी क्षणभर, कळणारही नाही इतका वेळ, दुसरा शब्द दाखवायचा अशा चाचण्या झाल्या आहेत. इंग्रजी किंवा डच वाचकाला दोन्ही शब्दांचं पहिलं व्यंजन सारखं असलं तरी पुरतं, उच्चार लवकर सुटतो. जपानी वाचकाला नुसत्या व्यंजनाचा काही उपयोग नाही. अख्खी मात्रा जुळावी लागते. रोमन लिपी वापरली तरी तेच. म्हणजे सगळा दोष लिपीच्या माथी मारता येत नाही.

मराठी माणूस अडकतो तो न्‌पाशी. 'किनेन' (स्मरण) तीन मात्रांचा: कि, ने, न्‌. 'किन्‌एन' (धूम्रपान बंद) चारचा: कि, न्‌, ए, न्‌. आपण न्‌ पुढच्या ए ला चिकटवतो आणि धूम्रपानबंदीची पाटी स्मारकाची होते. इथल्या पहिल्या न्‌ला जीभ कुठेच टेकवायची नाही. 'संशय'मधल्या अनुस्वारासारखा नाकातून सूर काढायचा आणि त्याला पूर्ण एक ठोका द्यायचा. टेबलावर बोटाने एकसारखे चार ठोके देत म्हणा. तीनच पडले तर न्‌ गिळलात. 'कित्ते' (टपाल तिकीट) म्हणताना दुसऱ्या ठोक्याला आवाजच नाही, जीभ दातांमागे दाबलेली. हे आपल्याला 'पत्ता'मुळे जमतं, फक्त थांबा कमी पडतो.

देवनागरीवर माझा राग आहे तो ए-ओ मुळे. ह्रस्व ओ आपल्याकडे लिहिताच येत नाही. 'कोको' म्हणजे इथे, आणि दोन्ही ओ लांबवले की उच्च माध्यमिक शाळा. वहीत दोन्ही सारखेच. शिवाय शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायची आपली सवय. म्हणून 'हायकू'. मूळ शब्द हा-इ-कु, तीन मात्रा, शेवट ह्रस्व. आधी हिरागाना, म्हणजे जपानीची मूळ लिपी, शिका. मूळ चिन्हं ४६ आहेत, त्यासाठी देवनागरीची कुबडी कशाला?

एक मात्र खरं, घड्याळ लावून मोजलं तर सगळ्या मात्रा सारख्या लांबीच्या निघत नाहीत. आणि वरचं सगळं तोक्योच्या बोलीचं. दक्षिण जपानातल्या कागोशिमाच्या बोलीत स्वराचा चढउतार अक्षरांवरच ठरतो.