अपमानाला बारा महिने, भाड्याला एक

“कौन्सिलशी वाकडं घेतलं तर उरलंसुरलंही काढून घेतील गं.” कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका. लंडनमधल्या मराठी मंडळींचं समुपदेशन करताना हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता पुढचं वाक्यही पाठ आहे: “आपण परके, गप्प बसलेलं बरं.” म्हणून काकूंची हकिगत सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

काकू 72 वर्षांच्या, एकट्या. झोप उडाली म्हणून आल्या होत्या. दुसऱ्या भेटीत पिशवीतून पत्रांची चळत निघाली. भाचा लेस्टरला नोकरीला, पण त्याची बँकेची पत्रं मावशीच्या पत्त्यावर. त्यावरून कौन्सिलने ठरवलं, तो इथेच राहतो. मग हाउसिंग बेनिफिटमध्ये, म्हणजे घरभाड्यासाठीच्या सरकारी मदतीत, ‘नॉन-डिपेंडंट’ (घरात राहणारा दुसरा प्रौढ) म्हणून कपात, कौन्सिल टॅक्समधली, म्हणजे इथल्या घरपट्टीतली, एकट्या माणसाची 25 टक्के सूट बंद, वर मागचे ‘जादा दिलेले’ पैसे परत करा.

काकू मात्र पैशांबद्दल बोलेचनात. “फोनवरची ती बाई म्हणाली, तुम्ही माहिती लपवलीत. मी लपवीन?” त्या बाईवर आमच्या दोन भेटी गेल्या. चार पानी तक्रारही लिहून तयार होती. मी ऐकत राहिले. दुखणं बोलून झाल्याशिवाय कागदाकडे नजर वळत नाही, हे एव्हाना मला कळलंय.

घटना वेगळी आणि तिचा आपण लावलेला अर्थ वेगळा, या विवेकनिष्ठ विचारावर माझी सगळी भिस्त. चौथ्या भेटीत म्हटलं, “काकू, हे पत्र मला वाचून दाखवा. यात तुम्हाला खोटारडी कुठे म्हटलंय?”

चष्मा लागला. बोट ओळीओळीवरून फिरलं, पान उलटलं, पुन्हा पहिल्या ओळीवर आलं. मी मुद्दाम बोलले नाही; अशा वेळी बोलायचा मोह आवरणं हीच खरी मेहनत.

“नाही गं कुठे. भाच्याचं नाव आहे नुसतं.” मग जरा वेळाने, “म्हणजे तो इथे राहत नाही, एवढंच दाखवायचंय?”

“एवढंच. पत्राची तारीख काय?”

“बावीस दिवस झाले.”

इथे माझ्या पोटात गोळा आला. काकूंना माफी हवी होती आणि त्या नादात पैशांची मुदत संपत आली होती. इंग्लंडमध्ये तक्रार आणि अपील या दोन वेगळ्या वाटा आहेत. उद्धट बोलणं, हरवलेले कागद, दिरंगाई यांसाठी तक्रार: आधी कौन्सिलकडे, मग ओम्बड्समनकडे (तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी), साधारण 12 महिन्यांच्या आत. पण तक्रारीने पैशांचा निर्णय बदलत नाही. हाउसिंग बेनिफिटच्या निर्णयाला एका महिन्यात आव्हान द्यायचं. फेरविचार मागा किंवा थेट अपील करा. अपीलही कौन्सिलकडेच द्यायचं, ते पुढे स्वतंत्र ट्रायब्युनलकडे, म्हणजे न्यायाधिकरणाकडे जातं. उशीर झाला तर सबळ कारण लागतं, आणि 13 महिन्यांनंतर तेही चालत नाही. कौन्सिल टॅक्सचं निराळं: आधी कौन्सिलला लेखी कळवा, दोन महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर व्हॅल्युएशन ट्रायब्युनल, म्हणजे या टॅक्सचे वाद ऐकणारं वेगळं न्यायाधिकरण. तोवर आलेलं बिल मात्र भरत राहायचं. इथेच बरेच जण फसतात. दोन्ही ट्रायब्युनलना फी नाही.

राहिली कौन्सिल सूड उगवेल ही भीती. अपील केलं म्हणून कोणी शिक्षा करत नाही. पण प्रकरण पुन्हा उघडलं की निकाल विरुद्धही जाऊ शकतो, म्हणून आधी सल्ला केंद्रात कागद दाखवून घ्यावेत, असं मी प्रत्येकाला बजावते.

काकूंनी भाच्याचा लेस्टरचा भाडेकरार आणि तिथलं कौन्सिल टॅक्सचं बिल मागवलं. दोन पत्रं लिहिली, प्रत्येकी अर्ध्या पानाची. फोनवाल्या बाईचा उल्लेख एकातही नाही. त्या दिवशी मला त्यांचा, आणि खरं सांगायचं तर थोडा माझाही, अभिमान वाटला. सव्विसाव्या दिवशी पत्रं कौन्सिलच्या काउंटरवर दिली, पोच घेतली.

फेरविचारातच कपात रद्द झाली, वसुलीही. सूट परत मिळाली. शेवटच्या भेटीत मी विचारलं, “आणि ती चार पानी तक्रार?”

“लिहितेय अजून,” काकू म्हणाल्या. “बारा महिने आहेत ना!”